डायलिसिस नीट व्हावं म्हणून काय, कधी आणि कुठल्या क्रमाने करायचं

आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला घेऊन जाताना बाहेरच्या बाकावर बसून बसून एक गोष्ट लक्षात आली, की लोक तेच तेच चुकतात आणि आम्हीही चुकलो होतो. फिस्टुला (सुया टोचायला हातात तयार केलेली जाड शीर) उशिरा, वजन चपला घालून, चार तासांच्या जागी तीन, आणि घरी पेज मोजायचीच नाही. मग रात्री धाप लागते, पाय सुजतात आणि सगळे म्हणतात 'डायलिसिस सूट होत नाही'. बहुतेक वेळा डायलिसिस सूट होत नसतं असं नाही, ते पुरेसं होतच नसतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिलंय. आकडे सर्वसाधारण आहेत, तुमच्या पेशंटचे नेमके आकडे तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टने (किडनीच्या डॉक्टरने) वहीत लिहून द्यायला हवेत, आणि नसतील दिले तर पुढच्या भेटीला मागून घ्या.

## १. सुरू व्हायच्या आधी: हात वाचवा, लस घ्या

क्रिएटिनिन चढत चाललंय आणि डॉक्टर 'पुढे कधीतरी डायलिसिस लागेल' म्हणायला लागले, की त्या दिवसापासून एक हात राखून ठेवायचा. उजवखुऱ्या माणसाचा डावा, डावखुऱ्याचा उजवा. त्या हातातून रक्त काढायचं नाही, सलाईन लावायचं नाही. सुई लागलीच तर दुसऱ्या हाताच्या पंज्याच्या मागच्या बाजूला. हे कुणी सांगत नाही आणि वर्षभर त्याच हातावर टोचून टोचून शिरा खलास झाल्या, की मग सर्जन म्हणतो 'शीर बारीक आहे'.

फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून शीर जाड करायची. ऑपरेशन छोटंच असतं पण शीर तयार व्हायला वेळ लागतो, निदान ६ आठवडे, आणि कित्येकांना दोन-तीन महिने. शीर सुईला तयार झाली का, याचा डॉक्टरांचा अंदाज साधारण असा असतो: ६ आठवडे झालेले, जाडी ६ मिलिमीटर, कातडीखाली ६ मिलिमीटरपेक्षा खोल नाही, आणि मिनिटाला ६०० मिली रक्त वाहतंय. म्हणजे डायलिसिस लागेल असं वाटतं त्याच्या सहा महिने आधी फिस्टुलाचा विषय काढायचा. आम्ही 'आत्ता नको, चवथ (गणेश चतुर्थी) होऊ दे' असं करत राहिलो आणि शेवटी एका रात्री धाप लागली तेव्हा मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, घालून सुरुवात करावी लागली. फिस्टुलापेक्षा कॅथेटरला इन्फेक्शनचा धोका कितीतरी जास्त, म्हणून हे पहिल्या नंबरवर लिहितोय.

फिस्टुला झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हापासून रबरी बॉल दाबायचा व्यायाम करायचा. आणि दुसरं, हिपॅटायटिस बीची लस. किडनीच्या पेशंटला ती दुप्पट डोसने देतात, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी. आधी घेतली तर शरीर प्रतिसाद चांगला देतं, डायलिसिस सुरू झाल्यावर तितका देत नाही. चार डोस झाले म्हणजे काम झालं असं नाही, एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची टेस्ट करून आकडा १० च्या वर आहे ना ते बघायचं.

आणखी एक प्रश्न याच वेळी विचारायचा, तो म्हणजे पोटाचं डायलिसिस, सीएपीडी. ते घरी करतात, दिवसातून तीन-चार वेळा पिशवीतलं पाणी पोटात सोडून काढायचं, मशीनपुढे बसायला जायचं नाही. आमच्या गोव्यात काणकोण किंवा सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून आठवड्याला तीन फेऱ्या मारणाऱ्याने तरी हा पर्याय ऐकून घ्यावा. घरात स्वच्छ कोपरा आणि हात धुवायची शिस्त असलेलं एक माणूस मात्र हवं. ट्रान्सप्लांटबद्दलही आत्ताच विचारा, डायलिसिसला पाच वर्षं झाल्यावर नको.

तपासा: सेंटर ठरवताना हे विचारून घ्या: आठवड्याला किती सेशन मिळतील, प्रत्येक सेशन पूर्ण चार तासांचं असतं का, हिपॅटायटिस बीच्या पेशंटला वेगळं मशीन आहे का, आरओच्या पाण्याची क्लोरीन टेस्ट रोज होते का. शेवटचा प्रश्न विचारला की काही जण आपल्याकडे विचित्र बघतात, बघू देत. एका सेशनमध्ये मिनिटाला ५०० मिली प्रमाणे चार तासांत १२० लिटर पाणी पेशंटच्या रक्ताशेजारून जातं, मधे फक्त एक पातळ पडदा असतो, त्यामुळे हा प्रश्न आगाऊपणाचा अजिबात नाही.

पैशांचं थोडक्यात. गोवा मेडिकल कॉलेजशिवाय (गोमेकॉ) म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या सरकारी हॉस्पिटलांतही डायलिसिस होतं, आधी तिथे जागेची चौकशी करा. खासगीत जायचं ठरलं तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का बघा, पाच वर्षांहून जास्त गोव्यात राहिलेल्यांना ते मिळतं आणि तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कव्हर आहे. कार्डाचं नूतनीकरण राहून गेलं हे बिल भरायच्या खिडकीवर कळतं, त्यामुळे तारीख कॅलेंडरवर लिहा.

## २. वही

शंभर पानी वही घ्या. मोबाईलमधलं ॲप नको, मोबाईल तुमच्या खिशात असतो आणि वही पेशंटच्या पिशवीत राहते. दर सेशनला एक ओळ: तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, आधीचं आणि नंतरचं बीपी, किती पाणी काढलं, किती वेळ चाललं, काही त्रास झाला का. मागच्या पानावर ड्राय वेट (ते काय, हे पुढच्या भागात), औषधांची यादी, कशाची ॲलर्जी आहे ते, आणि कुठल्या हातात फिस्टुला आहे ते मोठ्या अक्षरात.

टेक्निशियन बदलतात, सिस्टर बदलतात, डॉक्टर राऊंडला दोन मिनिटं थांबतात. वही बदलत नाही. डॉक्टरपुढे 'हल्ली बरं वाटत नाही' म्हटलं तर गोळी वाढते, आणि 'गेल्या सहा सेशनपैकी चारमध्ये तिसऱ्या तासाला बीपी ९० च्या खाली गेलं' म्हटलं तर ते खुर्ची ओढून बसतात.

## ३. वजन: इथेच सगळं बिघडतं

ड्राय वेट म्हणजे शरीरात जादा पाणी नसताना असलेलं वजन. मशीनने किती पाणी काढायचं ते आजच्या वजनातून ड्राय वेट वजा करून ठरतं, आणि शेवटी नळ्यांतलं रक्त परत देताना जाणारं दोन-तीनशे मिली सलाईन त्यात धरतात. वजन अर्ध्या किलोने चुकलं तर अर्धा लिटर चुकलं.

आणि वजन कसं चुकतं बघा. जूनमध्ये आई रेनकोटसकट काट्यावर उभी राहिली. एकदा कमरेला चाव्यांचा जुडगा आणि पर्स. एकदा सेंटरचा काटा बंद होता म्हणून घरचा आकडा सांगितला, आणि घरचा काटा ७०० ग्रॅम जास्त दाखवतो हे आम्हाला महिन्याने कळलं, तोपर्यंत ती दर वेळी घरी येऊन पायाला वांब येतात म्हणून रडायची.

क्रम असा ठेवा:

- तोच काटा, तेच कपडे. एक सुती गाऊन फक्त डायलिसिससाठी ठेवला तर उत्तम.
- चपला, छत्री, मोबाईल, पर्स बाहेर.
- आधी लघवीला जाऊन यायचं, मग वजन.
- आकडा स्वतः वाचायचा आणि स्वतः वहीत लिहायचा, दुसऱ्याने ओरडून सांगितलेला नाही.
- संपल्यावरही त्याच कपड्यात, त्याच काट्यावर.

आता वेगाचं गणित, हे सगळ्यांनी समजून घ्याच. पाणी तासाला किलोमागे १३ मिलीपेक्षा जास्त वेगाने काढलं तर हृदयावर ताण येतो. आईचं वजन ४८ किलो, म्हणजे तासाला ६२४ मिली, चार तासांत जेमतेम अडीच लिटर. ती तीन किलो वाढवून आली आणि वर 'आज तीन तासांतच सोडा, बस चुकेल' म्हणाली, तर तीन तासांत सुरक्षितपणे १.९ लिटरच निघतं. मग एक तर पाणी आत राहतं किंवा वेगाने ओढलं जातं, बीपी पडतं, वांब येतात, घरी येऊन दुसऱ्या दिवसापर्यंत माणूस उठत नाही. उपाय दोनच, दोन सेशनच्या मधे वजन कमी वाढवा, नाहीतर वेळ वाढवून मागा. साडेचार तास मागता येतात, मागायला हरकत नसते.

आणि ड्राय वेट हे कायमचं नसतं, लोक सहा-सहा महिने तोच आकडा धरून बसतात. तापातून उठल्यावर, जेवण तुटल्यावर मांस कमी होतं, पण काटा तेवढाच दाखवतो कारण मांसाची जागा पाण्याने घेतलेली असते. उलट भूक सुधारली की खरं वजन वाढतं आणि जुन्या आकड्यावर ओढत राहिलं तर माणूस कोरडा पडतो.

तपासा: आकडा जास्त ठेवलाय तर डायलिसिसनंतरही बीपी चढलेलं राहतं, पाय सुजलेले, आडवं झालं की धाप, दोन उशा लागतात. कमी ठेवलाय तर शेवटच्या तासात वांब, जांभया, आवाज बसणं, उठताना चक्कर. यातलं काहीही सलग दोन सेशन झालं की डॉक्टरना ड्राय वेट बघायला सांगायचं. दर महिन्याला तर सांगायचंच.

## ४. त्या दिवशी सकाळी

बीपीची गोळी घेऊन जायचं की नाही, हे डॉक्टरकडून प्रत्येक गोळीचं नाव घेऊन लिहून घ्या. काहींना सकाळची गोळी घेतली की मशीनवर बीपी कोसळतं म्हणून ती नंतर घ्यायला सांगतात, काहींना घेऊनच यायला सांगतात. शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट काय करतो ते बघून करू नका. इन्सुलिनचंही तसंच, मशीनवर साखर उतरते, त्यामुळे त्या दिवशीचा डोस वेगळा असू शकतो.

हलकं खाऊन जा, उपाशी नको. मशीनवर बसून भरपेट खाणं टाळा, रक्त पोटाकडे वळतं आणि बीपी पडतं. आमच्या सेंटरला एक काका दर वेळी तिसऱ्या तासाला बटाटवडा-पाव खायचे आणि दर वेळी त्यांचे पाय वर करावे लागायचे.

बसण्याआधी फिस्टुलाचा हात साबणाने धुवायचा, कोपरापर्यंत. सिस्टर स्पिरिट लावतातच पण धुणं आपलं काम.

आणि सांगायच्या गोष्टी सुई टोचायच्या आधी सांगा: कुठे पडलो, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आलं, दात काढायचाय, उद्या ऑपरेशन आहे. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देतात, ते कमी करावं लागतं किंवा देत नाहीत.

## ५. मशीनवरचे चार तास

सुई रोज त्याच दोन भोकांच्या आसपास टोचून घेऊ नका. दुखत नाही म्हणून पेशंट स्वतःच सांगतात 'हंगाच तोप गे सिस्टर' (इथेच टोच), आणि तिथली शीर पातळ होऊन फुगा येतो. शिडीच्या पायऱ्यांसारखं थोडं थोडं वर सरकत जायचं आणि मग पुन्हा खालून सुरू करायचं.

मशीनच्या स्क्रीनवरच्या दोन गोष्टी बघायला शिका. एक, रक्ताचा वेग, साधारण मिनिटाला २५० ते ४०० मिली, जेवढा ठरवून दिलाय तेवढा. अलार्म वाजतो म्हणून कुणी तो २०० वर आणून ठेवला आणि तसाच राहिला तर चार तास बसूनही सफाई अर्धवट. का कमी केला ते विचारायचं, भांडायचं नाही, विचारायचं. दोन, उरलेला वेळ. अलार्म लागून मशीन थांबलं किंवा लाईट गेली तर तो वेळ चार तासांत धरायचा नाही.

हाताच्या टेपवर आणि सुयांवर चादर टाकून झोपायचं नाही. सुई निसटली तर चादरीखाली कळतच नाही. एसी कितीही थंड असू दे, हात उघडा.

सावध: थंडी वाजून हुडहुडी भरली, छातीत दुखलं, पाठीत कळ आली, दम कोंडला तर लगेच हाक मारा. 'होईल बरं' करत बसू नका. कॅथेटरवाल्या पेशंटला मशीनवर हुडहुडी म्हणजे रक्तात इन्फेक्शन असं धरूनच चालायचं, आणि अँटिबायोटिक देण्याआधी ब्लड कल्चर घेतलं का हे विचारायचं.

कॅथेटर असेल तर आणखी थोडं. उघडताना आणि बंद करताना पेशंट आणि सिस्टर दोघांच्या तोंडावर मास्क. घरी झाकणं उघडायची नाहीत, त्यातून दुसऱ्या कुणाला रक्त काढू द्यायचं नाही. आपल्याकडच्या घामाने मे महिन्यात ड्रेसिंग सुटतं, सुटलं तर घरी चिकटपट्टी मारत बसू नका, सेंटरला जाऊन बदलून घ्या. डोक्यावरून आंघोळ बंद.

## ६. सुया काढल्यावर

कापसावर बोटाने १०-१५ मिनिटं दाबून धरायचं, मधे मधे उचलून बघायचं नाही. रक्त थांबवायला जितकं दाबावं लागतं तितकंच, एवढं जोरात नाही की फिस्टुलाची घरघरच बंद पडेल. पट्टी आवळून तसंच घरी जाणं आणि सकाळी सोडणं ही एकदम कॉमन चूक, त्याने फिस्टुला बंद पडतो. पट्टी सैल, आणि काही तासांनी काढायची. नेहमीपेक्षा जास्त वेळ रक्त थांबत नाहीये असं दोन-तीनदा झालं तर डॉक्टरना सांगा, पुढे शीर अरुंद झाल्याचं ते लक्षण असू शकतं.

उठायचं हळूहळू, आधी पाच मिनिटं बसून, मग उभं राहून बीपी, मग वजन. नंतर लगेच कदंब बसच्या गर्दीत लोंबकळत जायचं नाही, रक्त परत सुरू झालं तर दाबायला दुसरा हात मोकळा लागतो.

रोजचा चेक, सकाळ-संध्याकाळ: फिस्टुलावर बोटं ठेवून घरघर लागते का बघायचं, मांजर घुरघुरल्यासारखी. तो हात कानाशी नेला तर आवाजही येतो. घरघर बंद झाली तर 'परवा डायलिसिस आहेच, तेव्हा बघू' नाही, त्याच दिवशी फोन आणि हॉस्पिटल. गुठळी लवकर काढली तर फिस्टुला वाचू शकतो.

त्या हातावर घड्याळ नको, घट्ट बांगड्या नकोत, पिशव्या अडकवायच्या नाहीत, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही, बीपी मोजायचं नाही. आईचं रक्त घ्यायला आलेल्या एका लॅबवाल्याने 'हीच शीर छान दिसते' म्हणून फिस्टुलाच्याच हाताला रबर बांधला, मी पाणी आणायला आत गेलो होतो तेवढ्यात. तेव्हापासून आई कुणीही सुई घेऊन आलं की आधी तो हात पाठीमागे घेते.

आणि फिस्टुलातून घरी जोरात रक्त आलं तर टॉवेल गुंडाळत बसायचं नाही, टॉवेल रक्त शोषतो आणि कळत नाही किती गेलं. नेमक्या जागेवर बोटाने घट्ट दाबा, हात वर धरा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

## ७. मधले दिवस: पेज, खारं, मीठ

पाण्याचा हिशेब सोपा आहे, चोवीस तासांत जेवढी लघवी होते ती मोजा, त्यात ५०० मिली मिळवा, एवढंच दिवसाचं पाणी. लघवी अजिबात होत नसेल तर साधारण अर्धा लिटर, डॉक्टर त्यात थोडं कमीजास्त करतील. पाणी मोजणं कठीण नाही, कठीण आहे काय काय पाणी आहे ते कबूल करणं. आई शपथेवर सांगायची मी दोनच ग्लास पाणी प्यायले, आणि ते खरंच होतं. पण सकाळी दहा वाजता उकड्या तांदळाची पेज, दुपारी भातावर हुमण (माशाची आमटी), वर सोलकढी, संध्याकाळी चहा. ते सगळं पातेल्याने मोजलं तेव्हा दीड लिटरच्या वर गेलं! पेज बंद करायला सांगितली तर तिने दोन दिवस बोलणं टाकलं. मग तोडगा काढला, पेजेतली शितं निथळून एक वाटी, निवळ अर्धी वाटी, आणि ती वाटी हिशेबात.

सकाळी बाटलीत दिवसाचं पाणी भरून ठेवा आणि काहीही पातळ घेतलं की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाका. बाटली रिकामी झाली की संपलं. बर्फ, कलिंगड, आईसक्रीम हेही त्यातच. गोळ्या जेवणातल्याच पाण्याबरोबर घ्या.

पण खरा चोर मीठ आहे. साधारण ९ ग्रॅम मीठ एक लिटर पाणी शरीरात धरून ठेवतं. खारट खाल्लं तर तहान लागणारच, मग इच्छाशक्ती वगैरे काही चालत नाही. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं मिळून. आपल्याकडे पेजेबरोबर सुका बांगडा, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), मिठातलं तोर (कैरी), पापड, लोणचं. हे थोडं खाऊन चालतं का, तर खरं सांगायचं तर नाही. ताजी मासळी भाजून, त्यावर लिंबू, मिरी, तिरफळ, हे जिभेला चालतं.

सावध: बीपीसाठी चांगलं म्हणून दुकानात 'लो सोडियम' मीठ मिळतं, ते डायलिसिसच्या पेशंटला देऊ नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

पोटॅशियमचं भय वेगळंच, ते सूज आणत नाही, धाप आणत नाही, सरळ हृदयाचे ठोके बिघडवतं. शहाळं बंद. 'नैसर्गिक आहे, किडनीला चांगलं' म्हणून भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळंच घेऊन येतो, त्याला चहा पाजा आणि शहाळं परत द्या. केळी, सुका मेवा, टोमॅटोचा रस्सा, नारळाचं दूध, फळांचे ज्यूस, तांबडी भाजी, कणगीचे कंद, सगळ्यावर हात आखडता. मेमध्ये मानकुराद घरात असतो आणि एखाद्याला अख्खा महिना आंब्याकडे नुसतं बघायला लावणं मलाही जमलं नाही, डाएटिशियनला विचारून डायलिसिसच्या दिवशी एक लहान फोड ठरवून घेतली. भाज्या सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकायचं, मग फोडणी. नुसत्या भिजवण्यापेक्षा उकडून पाणी टाकणं महत्त्वाचं.

करमल, म्हणजे स्टारफ्रूट, अजिबात नाही, एक फोडही नाही. किडनीच्या पेशंटमध्ये त्यातलं विष मेंदूवर जातं, सतत उचकी, बरळणं, फिट येण्यापर्यंत. परसात झाड असलेल्यांनी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बिंबलंही नको.

सावध: पायातली ताकद गेल्यासारखं वाटलं, ठोके चुकताहेत असं वाटलं तर थेट कॅज्युअल्टी आणि पहिलं वाक्य 'डायलिसिसचा पेशंट आहे, ईसीजी काढा'.

प्रोटीनबद्दल मोठा गोंधळ आहे. डायलिसिसच्या आधी डाळ-मासळी कमी करा म्हणतात, आणि सुरू झाल्यावरही लोक तोच कागद फ्रिजवर लावून चालतात. सुरू झाल्यावर उलट प्रोटीन वाढवायचं असतं, किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, कारण मशीनमध्येही काही जातं. अंड्याचा पांढरा, ताजी मासळी, चिकन. फक्त काट्यासकट चावून खायची बारीक मासळी नको, काट्यात फॉस्फरस असतो. कोला पेयातही असतो. फॉस्फरसची गोळी जेवणाच्या घासांबरोबर घ्यायची, जेवून तासाभराने घेतली तर ती अन्नातला फॉस्फरस पकडायला हजरच नसते. फॉस्फरस वाढला की खाज सुटते आणि लोक त्वचेच्या डॉक्टरकडे फिरत बसतात.

गुडघा दुखला म्हणून फार्मसीतून डायक्लोफिनॅकसारखी गोळी स्वतः आणू नका. थोडी तरी लघवी होत असेल तर ती टिकवायची असते आणि या गोळ्या तीच खातात.

## ८. महिन्याचा रिपोर्ट

डायलिसिस पुरतंय का ते अंदाजाने कळत नाही, मोजतात. आधीचा आणि नंतरचा युरिया. आधी १२० होता, नंतर ४० झाला, तर ८० कमी झाला, म्हणजे ६७ टक्के. याला यूआरआर म्हणतात आणि तो निदान ६५ टक्के हवा. दुसरा आकडा केटी बाय व्ही, म्हणजे शरीराच्या मानाने सफाई किती झाली ते, निदान १.२, टार्गेट १.४. हे आठवड्याला तीन सेशनचे आकडे आहेत. दोनच सेशन घेणाऱ्याचा १.२ आला म्हणून खूश होऊ नका, त्याला तेवढं पुरत नाही, लघवी चांगली होत असेल तरच काही काळ निभतं. 'बरं वाटतंय, दोन पुरे' हे पेशंटने ठरवायचं नसतं.

नंतरचं सँपल कसं घेतलं यावरही खूप आहे. पंप हळू करून, मिनिटाला १०० मिलीवर पंधराएक सेकंद ठेवून मग घ्यायचं. तसं न करता घेतलं तर त्यात नुकतंच साफ झालेलं रक्त मिसळू शकतं आणि आकडा खोटा छान येतो.

आकडा कमी आला तर या क्रमाने शोधा: वेळ पूर्ण झाला का (वही बघा), रक्ताचा वेग मिळाला का, सुया नीट लागतात का, फिस्टुलात कुठे अरुंद झालंय का, डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर) किती वेळा वापरलाय. नव्वद टक्के लोक शेवटच्या मुद्द्यापासून भांडण सुरू करतात आणि पहिला मुद्दा त्यांच्या स्वतःच्या वहीत असतो.

बाकी हिमोग्लोबिन १० ते ११.५ च्या आसपास. रक्त वाढवायचं इंजेक्शन घेऊनही वाढत नसेल तर आयर्न तपासलंय का विचारा, आयर्न नसताना नुसतं इंजेक्शन वाया जातं. फार वर नेणंही बरं नाही. पोटॅशियम, फॉस्फरस, कॅल्शियम, अल्ब्युमिन एकाच पानावर महिन्यागणिक लिहा.

## ९. रविवार, चवथ आणि पाऊस

आठवड्यात तीन सेशन म्हणजे एकदा दोन दिवसांची गॅप येणारच, आणि ती बहुतेकांची रविवारला धरून येते, म्हणजे नेमकी मासळीच्या जेवणाची आणि पाहुण्यांची. सगळ्यात जास्त धोका याच गॅपच्या शेवटी असतो. म्हणून कडक राहायचं असेल तर शनिवार-रविवारी राहा, बुधवारी थोडं इकडेतिकडे झालं तर एक वेळ चालेल.

चवथीला पाच दिवस घर भरलेलं, नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं, आणि 'देव घरात असताना हॉस्पिटल नको' म्हणत एक सेशन बुडवणारे दर वर्षी दिसतात. नंतर इमर्जन्सीलाही तेच दिसतात. दोन आठवडे आधी सेंटरला विचारून शिफ्ट बदलून घ्या, पहाटेची घेतली तर आरतीला घरी पोचता येतं. खतखत्यात कंद आणि भाज्या अशा असतात की जवळपास सगळंच पोटॅशियम, पेशंटसाठी वेगळं उकडून पाणी टाकलेलं थोडं बाजूला काढा.

चोडण-दिवाडीसारख्या बेटांवरून फेरीबोटीने येणाऱ्यांनी पावसात एक बोट आधीची धरा. गावाला जायचं असेल तर निदान तीन आठवडे आधी तिथल्या सेंटरला फोन करून जागा ठरवा, ते हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागतात, शिवाय शेवटच्या तीन सेशनची शीट, ड्राय वेट आणि हेपरिनचा डोस. आम्ही पंढरपूरला असेच गेलो होतो, रिपोर्ट सगळे होते, वही मात्र डिचोलीला फ्रिजवर राहिली, आणि तिथल्या टेक्निशियनने ड्राय वेट विचारल्यावर आईने माझ्याआधी आकडा सांगितला, दशांशासकट.